नात्यातला नसावा

साबणाची वडी झिजून झिजून चिंचोक्याएवढी झाली होती आणि तिच्या पाठीवर एक बारीक केस चिकटला होता — तो पांढरा होता की उजेडामुळे तसा दिसत होता, हे ठरवत व्यंकटराव हात पुढे धरून उभे होते, आणि सुलाबाई तांब्यातून पाण्याची बारीक धार त्यांच्या बोटांवर सोडत होती. भिंतीत नळ होता. चार वर्षांपूर्वी इथल्या तरुण डॉक्टरणीनं, राजेश्रीनं, तो बसवून घेतला होता, कोपरानं उघडायचा, मोठ्या दवाखान्यांत असतो तसा. पण नळाखाली धुतलेले हात व्यंकटरावांना धुतल्यासारखे वाटत नसत. त्यांनी पालमला दवाखाना उघडला तेव्हा नळ नव्हताच. एक रांजण होता, एक तांब्या होता, आणि उन्हाळ्यात एका तांब्यात चार पेशंट भागवायचे असत. तेव्हापासून अडतीस वर्षं कुणीतरी वरून पाणी घालणार आणि ते हात चोळणार. नळ तरुण डॉक्टरला, तांब्या म्हाताऱ्याला, अशी वाटणी दवाखान्यात न बोलता होऊन गेली होती.

"सायेब, पुरं का आनखी घालू?" सुलाबाईनं विचारलं. दवाखान्याइतकीच जुनी बाई. सुया उकळायच्या काळापासूनची.

"पुरं."

पंच्यानं हात पुसताना खिशातला फोन मांडीला लागला. शनिवारपासून तो असाच मधूनमधून लागत होता, जणू कुणी कोपरानं ढोसावं.

शनिवारी ईमेल आली होती. कॅनडातल्या एका प्रांताचं कार्यालय. राजेश्रीनं तिथं फॅमिली डॉक्टर होण्यासाठी अर्ज केला होता आणि व्यंकटरावांनी तिच्यासाठी शिफारसपत्र पाठवलं होतं. ईमेलमधलं इंग्रजी इतकं गोड होतं — वेळात वेळ काढून आपण पत्र लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार — की पहिल्यांदा वाचून ते खूशच झाले. दुसऱ्या वाचनात अर्थ लागला. आपल्या पत्रावरून आपण अर्जदाराचे नातेवाईक असावेत असे दिसते; नातेवाइकाचे पत्र धरता येत नाही; कृपया सोबतच्या पानावर खुलासा करावा. आणि त्या पानावर एकच प्रश्न. अर्जदार डॉक्टरांशी आपले नाते आहे काय? दोन चौकोन. होय, नाही. खाली चार ओळींची मोकळी जागा. मुदत, आपल्या घड्याळानं, मंगळवारी संध्याकाळी सहा.

आज मंगळवार होता.

त्या देशाला डॉक्टर पाहिजेत, असं सगळे म्हणतात. पाहिजेत म्हणून दार काही उघडं नाही. दाराला आतून दहा कड्या. त्यांची यादी राजेश्रीनं कागदावर छापून आणली होती आणि मथळाच होता 'परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी'. व्यंकटरावांनी चष्मा वर करून विचारलं होतं, यातलं परदेशात शिकलेलं कोण? मीच की काका, ती म्हणाली. नांदेडला शिकलेली पोर परदेशात शिकलेली — तर मग मी औरंगाबादला शिकलो तो कुठल्या ग्रहावर, असं म्हणून ते दिवसभर हसत होते. पण यादी हसण्यासारखी नव्हती. कॉलेजनं थेट, पाकीट बंद करून, मार्कांचे कागद पाठवायचे. मग एक परीक्षा, मग दुसरी. मग इंग्रजीची परीक्षा — नऊ वर्षं रोज 'कळ कवापासून हाय' असं विचारणाऱ्या पोरीला अनोळखी माणसापुढं बसवून आपल्या आवडत्या सणाविषयी दोन मिनिटं बोलायला लावलं. मग गेल्या दोन वर्षांत तिचं काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं अशा तीन डॉक्टरांची पत्रं. हे सगळं पार पडलं की तिकडं जाऊन बारा आठवडे दुसऱ्या डॉक्टरच्या नजरेखाली पेशंट तपासायचे; आणि त्यातूनही तरली तर तीन वर्षं ते दाखवतील त्या खेड्यात काम.

"खेड्यातच जायचं तर पालम काय वाईट हाय?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"तिकडंबी पालमच हाय की काका. निस्तं बर्फातलं."

तीनपैकी दोन पत्रं आली होती. ती सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस जाते, तिथल्या दोघांची. तिसरं, जे नसलं तर ती दोन असून नसल्यासारखी, ते रोज ज्याच्यासोबत ती काम करते त्या डॉक्टरचं. म्हणजे यांचं. ते धरलं नाही तर यंदाची तुकडी गेली. पुढची वर्षानं. आणि वर्षानं तिचा इंग्रजीचा निकाल शिळा होणार, म्हणजे पुन्हा आवडता सण.

चूक कुठं झाली हे त्यांना शनिवारीच कळलं होतं. पत्राला त्यांनी तीन संध्याकाळी घेतल्या. तिचं निदान, तिचा हात, पेशंटशी वागणूक, सगळं लिहिलं. मतभेद झाल्यास अर्जदार ते कसे व्यक्त करते, असा प्रश्न होता. त्यावर लिहिलं, पडद्यामागं, दार लावून, आणि आपल्यालाच काही विचारायचं आहे अशा सुरात. मग वाचून पाहिलं तर सगळं कोरडं वाटलं. एवढ्यानं भागत नाही असं वाटलं. आणि माणसाविषयी ज्याच्या पुढं काही सांगता येत नाही असं जे वाक्य असतं, ते त्यांनी शेवटी घातलं. ती मला पोटच्या लेकीसारखी आहे. तिचं कन्यादान मी आणि माझ्या पत्नीनं केलं. परभणी जिल्ह्यात कुणीही हे पत्र वाचलं असतं तर मान डोलावून शिक्का मारला असता. तिकडं कुणीतरी त्याच वाक्याखाली रेघ ओढली.

"केवळाबाई आल्यात," सुलाबाई दारातून म्हणाली. "नवरा संगं हाय."

दवाखान्याच्या एकाच खोलीत दोन टेबलं होती, मध्ये हिरवा पडदा, तो बहुतेक वेळ सरकवलेलाच. केवळाबाई राजेश्रीच्या टेबलाशी बसली आणि रामकिशन तिच्यामागं उभा राहिला. मेंढरांमागं फिरणारी माणसं. दोघांच्या अंगाला लोकरीचा आणि धुराचा वास. व्यंकटराव आपल्या पेशंटचा रक्तदाब घेत होते, पण कान पडद्यापलीकडं होते. गेल्या काही दिवसांत ते तसेच असत.

"कसं हाय आता, मावशी?"

"बरं हाय म्हनती," रामकिशन म्हणाला. "ताप न्हाई. सांदे दुखत न्हाईत म्हनती."

केवळाबाई पायाच्या अंगठ्याकडं पाहत होती. व्यंकटरावांना न बघताही ते दिसत होतं. इकडं दुखतं एकाला आणि सांगतो दुसरा. बाईचं नवरा सांगणार, म्हाताऱ्याचं सून सांगणार, सुनेचं सासू. अडतीस वर्षं ते या सांगणाऱ्यांनाच तपासत आले होते, असं कधीकधी त्यांना वाटे.

"रामकिशनभाऊ, मावशीचा जुना कागद सुलामावशीकडं ऱ्हायलाय. तेवढा घेऊन या बरं."

असा काही कागद नव्हता. सुलाबाईला ते ठाऊक होतं. ती कपाट उघडून पाच मिनिटं मनापासून शोधणार होती. ही राजेश्रीची रीत. रामकिशन बाहेर गेला तशी केवळाबाई मान वर करून हळूच म्हणाली, "गोळ्या सोडल्यात म्या. पंदरा दिस झाले."

"का वो?"

"लघवी लाल व्हायली. वाटलं, रगत जायलंय."

"रक्त न्हाई ते, गोळीचाच रंग हाय. मी सांगितलं न्हवतं का?"

"सांगितलं व्हतं की. त्यायला सांगितलं व्हतं."

राजेश्री हसली. हसून म्हणाली, "चुकलं माझं. आता तुमाला सांगते. तुमी माघारी सांगा बरं मला, काय सांगितलं ते." आणि केवळाबाई शाळेतल्यासारखी एकेक गोळी म्हणून दाखवू लागली... व्यंकटरावांच्या हातातला फुगा दाबायचा राहून गेला होता. समोरचा पेशंट हाताकडं बघत बसला होता.

हीच केवळाबाई, दीड वर्षापूर्वी. तीन महिने ताप येई-जाई, कंबर धरे, रात्री घाम सुटे, आणि व्यंकटराव तीन महिने तापाच्या गोळ्या देत होते, कधी या रंगाच्या, कधी त्या. मग एक दिवस पडद्यापलीकडून राजेश्रीचा आवाज आला होता — "मावशी, यंदा मेंढरं किती गाभडली?" किती मेंढ्यांचा गर्भ पडला, किती साधा प्रश्न. शेतमालकाच्या घरात जन्मलेल्या व्यंकटरावांनी आयुष्यात कुणा मेंढपाळणीला तिच्या मेंढरांबद्दल विचारलं नव्हतं. रानात खत व्हावं म्हणून कळप बसवून घेतला होता, तेवढाच संबंध. त्या दुपारी ती औषधांच्या खोलीत आली, दार लोटलं, म्हणाली, "सर, केवळाबाईचं एक रक्त परभणीला पाठवावं का?" घरी काका, दवाखान्यात सर. रक्त गेलं, मेंढरांपासून माणसाला लागणारा ताप निघाला, आणि ती सगळ्यांना सांगत सुटली की सरांनी तपासायला लावलं म्हणून सापडलं. ती धडधडीत खोटं बोलली होती. अर्जदाराच्या प्रामाणिकपणाविषयी आपले मत, असाही एक प्रश्न होता त्या पत्रात. तिथं हात जरा थबकला होता त्यांचा, आणि मग त्यांनी पाचपैकी पाच दिले होते.

केवळाबाई गेल्यावर राजेश्रीनं पडद्याआडून डोकावून पाहिलं. "सर, पाणी प्या. सकाळपासून प्याला न्हाईत."

"पितो."

एवढंच. पत्राबद्दल ती एका शब्दानं विचारत नव्हती. अर्जदारानं पत्र पाहायचं नाही, त्याविषयी विचारायचं नाही, असा नियम होता, आणि ही नियम पाळत होती — घरात, दवाखान्यात, स्वयंपाकघरात व्यंकटरावांच्या पत्नीच्या, नर्मदाबाईंच्या, शेजारी बसून लसूण सोलतानासुद्धा. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. निदान तिच्यावर चिडता आलं असतं.

दुपारी जेवायला ते मागच्या घरात गेले. नर्मदाबाईंनी ताटात भाकरी टाकली, आणि नवऱ्याचं तोंड बघून दुसरी टाकायची थांबल्या. बेचाळीस वर्षांचा संसार. तोंड बघून रोग ओळखायला त्यांना डिग्री लागत नव्हती. व्यंकटरावांनी सांगून टाकलं. शनिवारपासून पोटात ठेवलेलं चार घासांत बाहेर आलं.

"मंग अडलं कुठं?"

"लेक म्हणलं म्हणून अडलं."

नर्मदाबाई म्हणाल्या, "आवं, लेक म्हणलं की जायाचंच असतंय. लेकीला अडवून ठिवतंय का कुणी? कसले लोक हायेत ते."

व्यंकटरावांना हसू आलं. खरंच की. आपल्याकडं लेक म्हटलं की ती जाणार हे धरूनच चालायचं, आणि तिकडं लेक म्हटलं की ती जागच्या जागी अडली.

"तुमी न्हाई म्हणून लिहा," त्या म्हणाल्या.

"खोटं लिहू?"

"खोटं कसं? गाव तिचं जिंतूर. आडनाव येगळं, गोत्र येगळं. कोण लागती ती तुमची?"

"आन कन्यादान केलं ते?"

नर्मदाबाईंनी दुसरी भाकरी ताटात टाकली. "दान केलं का न्हाई? मंग. दिल्यालं आपलं कुठं ऱ्हातंय?"

हे बोलून त्या चटणी आणायला उठल्या. आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताही नव्हता, किंवा पुरता होता. इतक्या वर्षांत व्यंकटरावांना ते कधीच उलगडलं नव्हतं.

जेवणानंतर ते बाजेवर आडवे झाले. पंख्याचं पातं खटखट करत होतं. डोळे मिटले की दुसरं काही नाही, हात दिसत होते — स्वतःचेच, ओंजळ केलेले, आणि त्यांखाली राजेश्रीचे, मेंदीनं लाल, आणि त्यांखाली नवरदेवाचे, रामचे, त्या काटक, लाजऱ्या इंजिनियर पोराचे. राजेश्रीचे वडील ती शेवटच्या वर्षाला असतानाच गेले. आई होती, पण कपाळ मोकळं असलेल्या बाईनं त्या पाटावर बसायचं नाही, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. चुलता बांधावरून भांडून बसला होता. मग पाच वर्षांपूर्वीच्या त्या वैशाखात या दोघांना बोलावलं. ज्यांना एकच मुलगा, तोही पुण्याला, आणि ज्यांना मुलगी नाही म्हणून कुणी कधी पाटावर बोलावणार नव्हतं, त्या दोघांना. नर्मदाबाईंनी झारीतून पाणी घातलं. बारीक धार. ती त्यांच्या बोटांतून तिच्या हातांवर, तिच्या हातांतून त्याच्या हातांवर, आणि खाली काशाच्या थाळीत टपटप... पाणी थंड होतं. तेव्हाही तेहतीस वर्षं हातावर पाणी घेत आलेला माणूस, पण हे हात चोळायचे नाहीत असं त्यांना स्वतःला बजावावं लागलं होतं. मग पंचा घ्यायला ते वळले तर नर्मदाबाई कानाशी म्हणाल्या, पुसू नका, वाळू द्या. हे त्यांनी कुठं ऐकलं होतं देव जाणे. भटजीनंही वळून पाहिलं. व्यंकटरावांनी हात तसेच धरून ठेवले, आणि मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत ते वाळत होते.

हे सगळं त्या एका वाक्यात होतं. कार्यालयातल्या कुणा बाईला ते कसं कळावं? तिचा दोष नाही...

पण दोष कुणाचा, हा प्रश्न तिथं संपत नव्हता. शनिवारपासून जे ते बाजूला सारत होते ते आता छातीवर येऊन बसलं. पत्र कसं लिहावं याच्या सूचना आल्या होत्या. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा मी; त्या सूचना मी वाचल्या होत्या. चौथी सूचना — पत्र देणारा अर्जदाराच्या नात्यातला नसावा. तिच्याखाली मी लाल पेननं रेघ मारली होती. कागद अजून टेबलाच्या खणात आहे, रेघेसकट. आणि तिसऱ्या संध्याकाळी त्याच हातानं ते वाक्य लिहिलं. विसरलो? विसरणारा माणूस लाल रेघ मारत नाही. प्रेमानं लिहिलं? लिहिलं की. पण प्रेमाच्या आत काय होतं? पेशंट असता तर विचारलं असतं, हे कवापासून होतंय? तिनं पहिल्यांदा यादी दाखवली तेव्हापासून. कशानं वाढतं? तिचं एकेक काम झालं की वाढतं. आणि कशानं कमी होतं... शनिवारी ईमेल दुसऱ्यांदा वाचल्यावर, लाजेच्याही आधी, अर्धा क्षण, पोटात जे सैल झालं ते काय होतं?

एक वर्ष. आज काहीच केलं नाही तर एक वर्ष. 'होय' लिहायलाही नको, 'नाही' लिहायलाही नको. सहा वाजले की पान आपोआप बंद. का अडलं ते तिला कळायचा रस्ताच नाही; नियम म्हणून ती विचारणारही नाही. एक वर्ष ती पडद्यापलीकडं बोलेल, पाणी प्या म्हणेल, संध्याकाळी नर्मदाबाईंशी लसूण सोलेल. राम तिकडं कॅनडात चौदा महिने एकटा आहे, अजून बारा राहील, तरुण आहे. माझ्याजवळ किती बारा-बारा महिने आहेत?

आणि मग तिचं ते बोलणं आठवलं. का जायचं, असं त्यांनी सरळच विचारलं होतं. निस्ता नवरा तिकडं हाय म्हणून का? ती म्हणाली, "काका, इथं लोक विचारतात, बाई, तुमी कशाच्या डॉक्टर? मी म्हणते, सगळ्याच्या. मंग म्हणतात, म्हंजी कशाच्याच न्हाई. तुमाला असं कुणी म्हणलं न्हाई, तुमी मोठे झालात. तिकडं सगळ्याचं डॉक्टर व्हायला परीक्षा द्यावी लागती. मला ती देऊन बघायची हाय." परीक्षा कसली, हे सगळं तर तू इथंच शिकलीस, असं तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून ते बोलले नव्हते. मेंढरं किती गाभडली असं विचारताना जसा चेहरा असेल, पडद्यामुळं न दिसलेला, तसाच तो असावा असं त्यांना आत्ता वाटलं.

पंखा खटखटत होता. ते उठले. अजून चार वाजायचे होते, तरी उठून दवाखान्यात गेले.

संध्याकाळचे पेशंट थोडे होते. सव्वापाचला शेवटची आली ती एक म्हातारी, सरजाबाई, मानवतकडची. पालमला दिलेल्या लेकीकडं आली होती आणि गुडघे धरून बसली होती म्हणून लेकीनं आणून सोडलं. पहिल्यांदाच आलेली. नऊवारीचा पदर खोचून तिनं खोलीभर नजर फिरवली, दोन टेबलं पाहिली, म्हातारा डॉक्टर पाहिला, तरुण डॉक्टरीण पाहिली, आणि मान हलवून व्यंकटरावांना विचारलं, "ही लेक का तुमची?"

हा प्रश्न नऊ वर्षांत किती जणांनी विचारला असेल. तालुक्यातले निम्मे लोक विचारतही नव्हते, 'डाक्टरसायबाची लेक' म्हणूनच चिठ्ठी फाडायचे. व्यंकटराव दर वेळी हो म्हणत. आणि म्हणताना खुर्चीत जरा ताठ बसत. आत्ताही पाठ आपोआप ताठ झाली होती.

"न्हाई," ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनाच तो ऐकू आला. पलीकडच्या टेबलावर पेन कागदावर चाललं होतं, ते थांबलं.

"डॉक्टर राजेश्री हायेत त्या. आमी दोघं संगं काम करतो. गुडघ्याचं त्यांना इचारा. मीबी त्यांनाच इचारतो."

दारातून सुलाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू सायबांना ताप चढलाय. सरजाबाईला काहीच वाटलं नाही. ती राजेश्रीकडं सरकून बसली आणि पदर सोडून गुडघा पुढं केला. पेन पुन्हा चालू झालं. "आज्जी, पाय लांब करा... इथं दाबलं की दुखतंय का? का इथं?" आवाज नेहमीचाच होता. किंवा नेहमीपेक्षा जरा सावकाश.

आणि व्यंकटराव बसल्या जागी आश्चर्यानं चाचपून पाहत होते. न्हाई म्हटल्यावर जे दुखेल असं चार दिवस वाटत होतं, ते दुखत नव्हतं. दुसरंच काहीतरी झालं होतं. इतकी वर्षं समोर बसलेल्या बाईला ते जणू आत्ता बघत होते. लेक म्हटलं की तिचं सगळं आपल्याकडून गेलेलं वाटतं, तिचा हातगुण आपला, तिची हुशारी आपल्या पाण्यावर वाढलेली. पण मेंढरांचा प्रश्न माझा नव्हता. कागद शोधायला नवऱ्याला बाहेर पाठवणं माझं नव्हतं. ते हिचं होतं, हिचंच, आणि हे मी पाचपैकी पाच देऊनसुद्धा आजवर पुरतं मान्य केलं नव्हतं... प्रेम कमी झालं नव्हतं. ते होतं तिथंच होतं. फक्त त्याला आता धरायला काही नव्हतं, आणि तरी ते उभं होतं.

सरजाबाईला हात धरून रिक्षापर्यंत सोडायला सुलाबाई गेली. व्यंकटराव सवयीनं मोरीशी जाऊन उभे राहिले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पाणी घालायला कुणी नाही. तेवढ्यात मागून येऊन राजेश्रीनं तांब्या उचलला. पहिल्या वर्षी, सुलाबाईचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा, महिनाभर तिनंच घातलं होतं पाणी, त्यानंतर आजच.

बारीक धार पडू लागली.

"काका," ती म्हणाली. दवाखान्यात ती काका म्हणत नसे. "आज मला अहो-जाहो?"

"सवय करायलोय."

धार मधेच तुटली. मोरीत शेवटचा थेंब पडल्याचा आवाज आला, बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आला. मग धार पुन्हा लागली, आधीपेक्षा जाड, मनगटापर्यंत येणारी, एवढं पाणी कुणी एका वेळच्या हात धुण्याला घालत नाही तेवढी. आणि ते हात चोळायचं सोडून नुसते धरून उभे राहिले.

"वडी संपली, काका. नवी काढू का?" तिनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. अजून चालती."

ती तांब्या ठेवून पडद्यापलीकडं गेली. दिवसाचे कागद लावल्याचा सळसळ आवाज येऊ लागला. व्यंकटराव टेबलाशी येऊन बसले, दोन बोटांनी फोन काढला, पान उघडलं. प्रश्न तिथंच होता. दोन चौकोन तिथंच होते, आणि खाली चार ओळींची जागा, जिच्यात काय लिहायचं ते आता त्यांना ठाऊक होतं; फार नव्हतं, चार ओळींत बसण्यासारखं होतं. त्यांनी 'नाही'वर बोट ठेवलं. चौकोनानं ते घेतलं नाही. पुन्हा ठेवलं, पान उगाच वर सरकलं, खाली आलं, पाण्याचा एक थेंब अक्षरांवर फुगून बसला. ओलं बोट त्या काचेला कळत नव्हतं.

पंचा खांद्यावरच होता. त्यांचा हात तिकडं गेला आणि अर्ध्या वाटेवर थांबला.

मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. खिडकीतून येणारा वारा कोरडा होता. आधी मनगटावरचं पाणी गेलं, मग तळव्यावरचं; बोटांच्या बेचक्यांत थोडं राहिलं होतं. सहाला बारा मिनिटं होती, आणि व्यंकटरावांना चार दिवसांत पहिल्यांदाच असं वाटलं की तेवढी पुरतील.